भरतीने भिजवलेल्या विटा

माझ्या धाकट्या भावाला मुंबईने ज्या काही विद्या शिकवल्या, त्यांत सर्वांत उपद्रवी विद्या चिनी मातीच्या लादीची. हे मी रागाने लिहीत आहे असे कोणी म्हणेल, तर ते खरे आहे. परंतु लिहिणारा रागावलेला आहे म्हणून पुरावा खोटा ठरत नाही, हे अलिबागेतल्या वकिलाच्या कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला कोणी शिकवू नये.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे आमच्या थळच्या घराची वाटणी झाली. वडील गेल्यावर आम्ही दोघे भाऊ काही काळ एका चुलीवर जेवलो आणि मग जे व्हायचे ते झाले. वाटणीपत्र मी स्वतः लिहिले, आणि त्यात आजतागायत कोणाला फट सापडलेली नाही. दक्षिणेकडची बाजू माझी, उत्तरेकडची त्याची. ओटीपासून मागच्या पडवीपर्यंत विटेची एक भिंत घालायची. ती दोघांची सामाईक. तिला अपाय होईल असे कोणीही काही करायचे नाही. आमच्या घरातली अंधारी खोली, म्हणजे पिढ्यान् पिढ्या जिथे बाळंतिणी निजल्या ती खोली, माझ्या वाट्याला आली. जुने स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली भाताची कोठी त्याच्याकडे गेली. मी मागच्या पडवीत नवी चूल घातली. ही मांडणी वाचकांनी ध्यानात ठेवावी. माझी सगळी तक्रार तिच्यावर उभी आहे.

आमच्याकडची घरे जांभ्याची, नाहीतर दगडमातीची. वीट ही खाडीपलीकडची वस्तू. भिंत बांधून घेण्याचे काम भावाने हौसेने अंगावर घेतले आणि पेणकडून मचव्याने विटा मागवल्या. ओहोटीला मचवा वाळूत टेकला, खलाशांनी विटा तिथेच किनाऱ्यावर रचून ठेवल्या आणि ते निघून गेले. गाड्या दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. मधल्या वेळात, रोज येते तशी, भरती आली. मी सकाळी किनाऱ्यावर गेलो तेव्हा ढिगाच्या माथ्यावर दोन कावळे बसलेले दिसत होते. त्या कावळ्यांच्या पायाखाली काय आहे ते ज्याला ठाऊक होते त्यालाच समजले असते. बाकी सगळा समुद्र.

भाऊ कमरेवर हात ठेवून प्रसन्न उभा होता.

"बरंच झालं की, दादा," तो मला म्हणाला. "बांधायच्या आधी विटा भिजवाव्याच लागतात. विहिरीवरून पाणी ओढायचा त्रास वाचला."

जाळे वाळत घालणारा एक म्हातारा कोळी हे ऐकत होता. त्याने हातातले काम न थांबवता विचारले, "शेट, विटा खारवताव काय? मंग नीट सुकवा. पावसाल्यान कालवनाला व्हतील."

सगळा किनारा हसला. भाऊही हसला, कारण मुंबईत राहिल्यामुळे आपल्याला थट्टा समजते अशी त्याची समजूत होती. मी हसलो नाही. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विटा घराच्या आत वापरू नयेत, अशी लेखी हरकत मी त्याच दिवशी दिली. भावाने ती गवंड्यापुढे धरली. गवंड्याला वाचता येत नव्हते. तेव्हा हरकतीचा विचार होऊन ती फेटाळली गेली, असेच मानावे लागते.

भिंत उभी राहिली आणि, खोटे कशाला बोलू, उन्हाळाभर ती चांगली दिसली. लाल, सरळ, ओळंब्यात. लोक म्हणाले, वाटणी झाली पण शोभेची झाली. मग भावाने लाद्या आणल्या.

मुंबईत तो ज्या पेढीत होता तिथे चिनी मातीची भांडी आणि लाद्या परदेशातून येत. फुटलेल्या मालातून जे शाबूत निघे ते नोकरांना मिळे. त्याने असे वर्षानुवर्षे साठवले आणि एकदाच काय ती खोकी, गवतात बांधलेली, मांडव्याच्या बंदरात उतरवून बैलगाडीने घरी आणली. एका जातीच्या सगळ्या लाद्या मिळणे शक्यच नव्हते. निळी फुले, हिरवी पाने, दोन मोर, एका युरोपियन बाईचा अर्धा चेहरा, आणि उरलेली जागा भरायला पांढऱ्या. ओटीवर लादी, माजघरात लादी, आणि माजघरात सामाईक भिंतीला त्याच्या बाजूने छातीइतक्या उंचीपर्यंत लादी. अर्ध्या चेहऱ्याची बाई त्याने देवघराच्या बरोबर समोर बसवली. तिचा दुसरा अर्धा चेहरा कुठल्या समुद्रात पडला असेल तो असो. उरलेल्या एका डोळ्याने ती आमच्या कुलदैवताकडे वर्षानुवर्षे बघत राहिली.

सगळा गाव बघायला आला. लोक उंबऱ्यातच घुटमळत, कारण वहाणा तर काढल्या, आता पायही काढून ठेवावेत की काय असा प्रश्न त्यांना पडे. आमचे एक दूरचे काका भिंतीला टेकून बसले, इकडेतिकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "पोरा, एक चहा आणि मस्का पाव." इराण्याच्या हॉटेलात दोनदा जाऊन आलेला तो मनुष्य, त्याला दोष देता येत नाही.

भाऊ माझ्या पत्नीला म्हणाला, "वहिनी, वाकून बघा. तोंड दिसतं लादीत."

"तोंड बघायला आरसा आहे, भाऊजी," ती म्हणाली. "जमिनीत तोंड बघायची पाळी अजून आलेली नाही."

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे जमीन शेणाने सारवतात. सारवलेली जमीन आपले पाणी आपण पिते. ते बाहेर काढायची गरज कोणाला कधी पडली नाही, म्हणून न्हाणीखेरीज घरात पाण्याला वाट ठेवण्याची पद्धतही पडली नाही. लादी सारवता येत नाही. ती धुवावी लागते. मुंबईतल्या बंगल्यांत गडी बादल्या ओतून लाद्या धुतात हे माझ्या भावाने डोळे भरून पाहिले होते. कोपऱ्यातल्या ज्या भोकातून ते पाणी बाहेर जाते ते भोक मात्र त्याच्या नजरेतून सुटले. त्याने लाद्या पाटासारख्या सपाट बसवल्या, आणि जिथे सपाट बसल्या नाहीत तिथे त्या सामाईक भिंतीकडे उतरत्या झाल्या. तो रजा संपवून मुंबईला गेला. त्याची बायको रोज सकाळी, नवऱ्याने बजावल्याप्रमाणे, घर धुऊ लागली. ती बिचारी खराट्याने पाणी भिंतीपर्यंत लोटी. तिथून पुढे ते कुठे जाते याची चौकशी करण्याचे तिला कारण नव्हते, कारण ते माझ्याकडे येत होते.

पावसाळा लागला आणि भिंतीने आपला स्वभाव दाखवला. समुद्र प्यालेली वीट हवेतले पाणी ओढते. भावाच्या बाजूने भिंतीला लाद्यांचे चिलखत. तिकडून घाम बाहेर यायला जागा नाही. तेव्हा वरचा दमटपणा, खालचे धुण्याचे पाणी आणि मुळातला खार, तिन्ही मिळून माझ्या अंधाऱ्या खोलीत उतरले. विटांवर पांढरा कापसासारखा लोणा फुटला. गिलावा पापुद्रे होऊन गळू लागला. सारवलेली जमीन वाळेना. आमचे वासरू दावे तुटले की गोठ्यातून थेट त्या खोलीत शिरे आणि डोळे मिटून भिंत चाटत उभे राही. त्या भिंतीपासून कोणाला सुख झाले असेल तर त्या एका वासराला.

मी भावाला पत्र लिहिले. लाद्यांची खालची रांग काढावी, धुणे बंद करावे, न केल्यास दिवाणी कोर्टाकडून मनाईहुकूम मागण्यात येईल. त्याने मुंबईहून उत्तर पाठवले: विटेला दोष देण्याऐवजी दादाने आपल्या बाजूनेही लाद्या लावाव्यात, मग दोघांचेही घर कोरडे होईल. भिंतीला दोन्ही बाजूंनी कोंडून मारण्याची ही सूचना मी जपून ठेवली आहे. तो सुट्टीवर घरी आला तरी मी पत्रे टपालानेच पाठवत असे, कारण हातोहात दिलेल्या नोटिशीला पुरावा नसतो. पत्र अलिबागेला जाऊन शिक्का घेऊन परत येई. पोस्टमन कुरकुरे, "रावसाहेब, खोकलात तरी त्यांना ऐकू जातं. तुम्ही मला का दमवता?" एकदा रजिस्टर पत्र घेऊन तो भावाच्या नुकत्याच धुतलेल्या ओटीवर चढला आणि सही घ्यायच्या ऐवजी सगळ्या टपालासह पाठीवर पडला. भावाने उलट मलाच लिहिले की तुमच्या नोटिशीमुळे माझ्या घरात सरकारी नोकराला इजा झाली. त्यानंतर पोस्टमन पायरीवरूनच हाक मारी. ओटीवर त्याने पुन्हा पाऊल ठेवले नाही.

हे सगळे मी कदाचित आणखी काही वर्षे टपालावर चालवले असते. पण पुढच्या पावसाळ्यात माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली.

पहिले बाळंतपण माहेरी होते. त्यात विचारायचे काही नसते. आणि आमच्या घरी ते अंधाऱ्या खोलीत होते. माझा जन्म तिथला, भावाचाही. पण आदल्या वर्षी आमच्या आळीतली एक तरुण मुलगी ओल्या खोलीत बाळंत झाली होती. दहाव्या दिवसाच्या आत तिला बाळंतरोगाच्या तापाने नेले. माझी पत्नी तिच्या उशाशी बसली होती. त्या दिवसापासून ती अंधाऱ्या खोलीच्या दारात उभी राहून भिंतीकडे नुसती बघत असे. शेगडी पेटवून ठेवली, राख टाकली, नवी चटई अंथरली. चटई सकाळी उचलली की खालून हिरवी निघे.

दिवस भरत आले तेव्हा तिने सुईणीला बोलावले. किनाऱ्यावरची म्हातारी, आवाज असा की वाऱ्यावरूनही होडीला ऐकू जावा. तिने अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला पंजा लावला आणि तो लुगड्याला पुसला.

"ही खोली हाय का इहीर?" ती म्हणाली. "इथं बालंतीन निजवाल त पोर पोहतच भायेर येल. बाय माजी, मी हात लावनार न्हाय."

पत्नीने तिला पलीकडे भावाच्या माजघरात नेले. गणपतीचे नुकतेच विसर्जन झाले होते, म्हणून भाऊ रजेवर घरीच होता. त्याने सुईणीला लाद्या दाखवल्या, अगदी बंगल्यात पाहुणा आल्यासारख्या. किती स्वच्छ, किडामुंगी नाही, मुंबईच्या इस्पितळात हेच असते.

सुईणीने एक पाऊल आत टाकले आणि ते उचलून पुन्हा बाहेर ठेवले. "बरफावानी गार हाय. शेट, इथं पापलेटं निजवा. दोन दीस ताजी ऱ्हातील."

असे आमचे दुभागलेले घर. वाटणीपूर्वी त्यात बाळंतिणीला एक जागा होती. वाटणी आणि सुधारणा दोन्ही पदरात पडल्यावर एकही उरली नाही. निवाडा सुईणीनेच दिला. तिने भावाच्या कोठीचे दार ढकलले, वाकून जमिनीला हात लावला, आणि तिथेच बसून पान काढले. कोठी कोरडी होती. तिथे लादी नव्हती, कारण भावाच्या बायकोने आयुष्यात एकदाच नवऱ्याला नाही म्हटले होते: भात लादीवर ठेवणार नाही, पाहिजे तर मला लादीवर ठेवा. एका बाजूला तिची चूल, पलीकडे भिंतीआड माझ्या पडवीतली चूल. दोन्हीकडची ऊब त्या खोलीला.

अडचण एकच राहिली, पण ती मोठी होती. माझ्या घरातून कोठीत जायचे तर पावसातून अंगण ओलांडायचे, भावाच्या ओटीवर चढायचे आणि ते सबंध माजघर पार करायचे. पोस्टमन जिथे आडवा झाला त्या लाद्यांवरून कळा देणाऱ्या मुलीला चालवत नेण्याची कल्पना माझ्या पत्नीला सहन होईना. मुलीला आधीच तिकडे हलवावे, तर तिची काकू म्हणाली की पावसात धुतल्या न धुतल्या लाद्या सारख्याच, मीच भिंत धरून चालते.

मी मार्ग सुचवला. पडवीजवळ सामाईक भिंतीत तात्पुरते दार ठेवण्याबद्दल उभयपक्षी लेखी करार करावा. वहिवाटीचा हक्क त्यातून निर्माण होणार नाही, असे त्यात स्पष्ट असावे. भाऊ म्हणाला, करार कशाला, तुम्ही आधी नोटिसा मागे घ्या. मी म्हणालो, तू आधी लाद्या काढ. हे बोलणे आपापल्या ओटीवरून चालले होते. शेवटी मी ठरवले की त्याला वाजवी मुदतीची अखेरची नोटीस द्यावी, आणि लिहायला बसलो.

दुपार होती. पाऊस लागून राहिला होता. नोटिशीच्या दुसऱ्या कलमावर असताना मागच्या पडवीतून खर्र असा आवाज आला, मग धप्प, मग पुन्हा खर्र. मी आत गेलो. मुलगी पडवीत खांब धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिची आई भिंतीपुढे बसून उलथन्याने विटा काढत होती.

पहारीची गरजच नव्हती. चुन्याचे ओले पोहे झाले होते. उलथने आत घालायचे, जरा फिरवायचे, की वीट हातात. पलीकडून माझ्या भावजयीचे हात त्या विटा घेत होते. दोघी जावा, भाकरी थापाव्यात तशा, भिंत उतरवत होत्या.

"ही सामाईक भिंत आहे!" मी म्हणालो. "तिला अपाय करायचा नाही असं वाटणीपत्रात स्वच्छ लिहिलंय."

"अहो, मग नोटीस द्या मला," पत्नी मान न वळवता म्हणाली. "पण आधी बाजूला व्हा. ही वरची सुटली की तुमच्या पायावर येईल."

पलीकडे भावाचा आवाज आला, "कोणी पाडली भिंत? दादा, हे तुमचं काम!" तो धावत आला असता, पण आपली जमीन त्याला ठाऊक होती; स्वतःच्या घरात तो लाद्यांना पायाचे पंजे रोवत, एकेक पाऊल जपून टाकत आला. तोवर माणूस वाकून जाईल एवढी जागा झाली होती. त्याच्या बायकोने त्याच्या हातात दोन विटा ठेवल्या आणि म्हणाली, "त्या तिकडे नेऊन ठेवा."

त्याने नेऊन ठेवल्या.

मुलीला दोघींनी वाकवून त्या भोकातून पलीकडच्या स्वयंपाकघरात आणि तिथून कोठीत घेतले. जाताना तिने माझ्याकडे पाहिले. "आप्पा," ती म्हणाली, "काकांशी भांडू नका हं आता. मला ऐकू येईल." मग सुईण आली, ती माझ्याच घरातून, चिखलाच्या पायांनी. तिने आम्हां दोघांना दोन्हीकडून हाकलले आणि भोकावर घोंगडी टांगली.

चूल माझी, पाणी माझ्या चुलीवर तापत होते. म्हणून लाकडे सारायला मी अलीकडे बसलो. भाऊ घोंगडीच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. आतून मुलीचा आवाज येई, तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा खोल. एकदा तो मध्येच थांबला आणि पुष्कळ वेळ काहीच ऐकू आले नाही. तेव्हा भावाने घोंगडीपलीकडून विचारले, "दादा, पाणी आहे ना पुरेसं?"

"आहे," मी म्हणालो.

"नाहीतर माझीही चूल पेटवतो."

"पेटव."

आमच्यात तोंडी झालेला आणि कोणीही न मोडलेला असा हा एकच करार. त्याने चूल पेटवली.

संध्याकाळच्या आत मुलगी झाली. सुईण म्हणाली की आईचे अंग गार नाही, खोली चांगली आहे, आता घोंगडी हलवू नका. माझी पत्नी बाहेर आली, चुलीपुढे बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. ती एवढे दिवस रडलेली नव्हती, हे मला त्या वेळी समजले. ताप आला नाही. पाचवी पुजली, तरी आला नाही.

यानंतर जे झाले ते मात्र नमूद केलेच पाहिजे. पितृपक्ष लागला होता आणि वडिलांचे श्राद्ध तोंडावर होते. वाटणीनंतर आम्ही ते वेगवेगळे करत असू. ज्याच्या घरी मूल जन्मले त्याला सोयर, आणि सोयर असताना श्राद्ध करता येत नाही. भटजी पडवीत येऊन बसले आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, "कोणाच्या घरी झालं?"

"माझ्या," मी म्हणालो. मुलगी माझी, पाणी माझ्या चुलीचे, सुईण माझ्या दारातून आली.

"माझ्या," भाऊ भोकातून म्हणाला. कोठी त्याची, आणि वाटणीपत्रात तसे लिहिलेले होते.

भटजींनी भोकातून डोके घातले, पलीकडे पाहिले, डोके बाहेर काढले. "या भोकातून माणूस जातो, ताट जातं, पाणी जातं," ते म्हणाले. "हे एक घर आहे. दोघांनी सोयर पाळा. ते फिटलं की वडिलांचं श्राद्ध एकत्र करा."

आम्ही दोघेही एकदम उठलो. मी वाटणीपत्राचा दाखला दिला. आणि माझा भाऊ, ज्याने त्या कागदातल्या एकाही कलमाला आयुष्यभर मान दिला नव्हता, तो म्हणाला, "भटजीबुवा, ते दादाने लिहिलेलं आहे. त्यात चूक नसते." भटजींनी ऐकले नाही, दक्षिणा एकाच श्राद्धाची मिळणार असतानाही ऐकले नाही, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

तेवढ्यात भावजयीने मूल भोकाशी आणले. भाऊ वाकला, दिव्यापाशी धरून त्याने ते नीट निरखले आणि जाहीर केले, "नाक माझं आहे हं, दादा."

कागद हाताशी नसल्यामुळे मी तोंडीच हरकत घेतली.